चौथ्या खेपेचं बोलणं

मृणालीचा पाय सतत हलायचा. जेवायला बसली तरी हलायचा, गाडीत बसली तरी हलायचा, आणि इरशादभाईंच्या क्लासमध्ये कॉम्प्युटरसमोर बसली की टेबलासकट हलायचा. हौसामावशी तिच्या गुडघ्यावर हात दाबून म्हणायची, "पोरी, फळीवरची भांडी पडतील गो." मावशीचा हात असेपर्यंत पाय थांबायचा, हात निघाला की पुन्हा सुरू.

तिचं घर गागोदे बुद्रुकला. तिथून रोज रोह्याला येऊन-जाऊन करायचं म्हणजे अर्धा दिवस एस्टीची वाट बघण्यात जायचा. म्हणून बी.एस्सी. झाल्यावर नोकरी लागली तशी ती जित्याला मावशीकडे राहायला आली. स्टेशन चालत जाण्यासारखं होतं. सकाळच्या गाडीने रोहा गाठायचं, नदीपलीकडच्या अष्टमी गावात एका किराणा दुकानाच्या माडीवर असलेल्या क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा, आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

मावशीच्या घरात तीन बायकाच होत्या. मावशी, मावशीची सासू गिरजाबाई आणि मृणाली. मावशीचा नवरा शिवा खाडीवर तर चालवायचा, म्हणजे होडीने माणसं पलीकडे पोचवायचा. मृणाली पाळण्यात असताना तो एका उधाणाला होडीतून पडून बुडाला. होडी सापडली, तो दोन दिवसांनी सापडला. पलीकडच्या गावाला जायला दुसरी वाट नव्हती, आणि दीर कमळाकर तेव्हा लहान. मग हौसाने लुगडं खोचलं आणि वल्हं स्वतःच्या हातात घेतलं. गाव चार दिवस बोललं, मग पैसे देऊन तिच्याच होडीत बसायला लागलं. पूल होईपर्यंत कितीतरी वर्षं तिने तर चालवली. होडीला ती होरी म्हणायची. आता ती थोडी भातशेती बघायची आणि उन्हाळ्यात मिठागरावर जायची. कमळाकर कंपनीत लागला होता, शेजारच्या आळीत बायकोपोरांसह राहायचा.

हे अठ्ठ्याण्णव सालच्या कार्तिकातलं. इरशादभाई बहरैनला बरीच वर्षं काढून परत आले होते. तिथल्या कमाईतून त्यांनी क्लास काढला, आणि तिथल्याच ओळखीतून त्यांना एक काम मिळालं. वाशीची एक लहानशी कंपनी आखातात राहणाऱ्या मराठी लोकांसाठी कॉम्प्युटरवरचा खेळ बनवत होती. एक वाटसरू खाडीकाठच्या मुलखात वाट चुकतो, भेटेल त्याला विचारत विचारत घरी पोचतो, असा खेळ. तिकडे वाढणाऱ्या पोरांच्या कानावर आपली भाषा पडावी, हा हेतू. खेळातल्या माणसांनी कधी काय बोलायचं हे लिहायला कंपनीने स्वतःची एक छोटी भाषा केली होती. नमुना म्हणून इरशादभाईंना एकच पात्र दिलं होतं: वाटसरूला खाडीपार नेणारी तरवाली. ते पसंत पडलं तर सगळं गाव त्यांच्याकडून लिहून घेणार होते, आणि लिहिणारीला वाशीला नोकरी.

लिहिणारी म्हणजे मृणाली. तिला तर असं झालं की कधी एकदा लिहून होतंय. पहिल्यांदा तिने 'जर-नाहीतर' करत लिहिलं. जर पहिल्यांदा आला असेल तर हे बोल, नाहीतर जर दुसऱ्यांदा आला असेल तर ते बोल. चार पायऱ्या उतरल्यावर तिची तिलाच कळेना की आपण कुठल्या 'नाहीतर'मध्ये उभे आहोत.

इरशादभाईंनी खुर्ची ओढली. "हे सगळं पूस. स्विच वापर. किती खेपा झाल्या, हे एकदाच विचारायचं. खाली एकेक केस. पहिली खेप, दुसरी खेप, तिसरी. ज्या केसशी आकडा जुळेल तिथे तो उडी मारतो आणि तिथून वाचत सुटतो. तुझं बोलणं संपलं की ब्रेक लिहायचा. ब्रेक विसरलीस तर तो थांबत नाय. खालच्या केसमध्ये शिरतो, ती त्याची असो नसो."

"आणि कुठलाच आकडा नाही जुळला तर?"

"तळाला डिफॉल्ट. उरलेले सगळे तिथे." मग उठता उठता ते म्हणाले, "आणखी एक. प्रत्येक माणसाकडे एक गोष्ट अशी पायजे की जी ते ओळख मुरल्यावरच सांगतं. तीन खेपा झाल्या, चौथ्यांदा आला, की. नायतर परत परत होडीत बसेल कशाला कोण?"

तरवाली म्हटल्यावर मृणालीच्या डोळ्यांसमोर दुसरं कोण येणार? घरी ती मावशीचं बोलणं कान टवकारून ऐकायला लागली. माइकसमोर बसून मावशीच्या ठेक्यात, मावशीच्या हेलात स्वतःच्या आवाजात एकेक वाक्य भरायला लागली. पहिल्या खेपेला: "बस. पाय आत घे, नायतर खेकडा घेऊन जाईल." दुसऱ्या खेपेला: "परत आलास? पलीकडं ठेवलंय तरी काय तुझं?" तिसऱ्या खेपेला: "आता वल्हं तू धर. मी पान खाते."

आणि डिफॉल्टमध्ये तिने ते वाक्य घातलं.

ते मावशी शिमग्याच्या सुमाराला बोलली होती. दुपारची वेळ, गिरजाबाई कमळाकरकडे गेलेल्या. मावशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, मृणाली शेजारी बसून पाय हलवत होती. कशावरून विषय निघाला कोण जाणे. मावशी तव्यावरून नजर न उचलता म्हणाली, "नवरा पाण्यात गेला नि होरी माझ्या हातात आली. खोटं कशाला बोलू? तवापासून मना भाकर गोड लागते, गो." आणि भाकरी उलटली. पण ते वाक्य मृणालीच्या डोक्यात घोंगावत राहिलं. गाडीत, क्लासमध्ये, झोपेतसुद्धा. माइकसमोर तिने ते एका दमात म्हटलं.

इरशादभाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हे कुठून आणलंस?"

"सुचलं," मृणाली म्हणाली.

त्याच आठवड्यात गिरजाबाईंचा नवस फेडायचा होता. रोह्याच्या धावीर महाराजांना नारळ. कमळाकरने सुट्टी टाकली, मावशीही निघाली. मृणालीने हट्टच धरला, "दर्शन झालं की पूल ओलांडून अष्टमीत या. मी कुठं काम करते ते एकदा बघा तरी." मावशी नको नको म्हणत कबूल झाली.

त्या दिवशी मृणाली क्लासमध्ये पोचली तीच अंगात वारं शिरल्यासारखी. मावशीला चकित करायचं तिच्या मनात आलं. पहिल्या खेपेच्या बोलण्यात मावशीचं नाव घालायचं! तिने नवीन वाक्य भरलं, पहिली केस वरून उचलली आणि जुळवाजुळव करायला सोपं म्हणून तळाला, डिफॉल्टच्या अगदी वर आणून चिकटवली. खेळ सुरू केला. "मी हौसा," असा आवाज आला मात्र, जिन्यावर पावलं वाजली. तिने खेळ बंद केला आणि जिन्याकडे धावली.

गिरजाबाईंना खुर्ची दिली तर त्या पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या. कमळाकर हात मागे बांधून उभा राहिला. वरच्या खोलीतून इरशादभाईंची बायको बिल्किस कोकमाचं सरबत घेऊन आली. "या, बसा, मृणालीच्या घरचे म्हणजे आमच्या घरचे," म्हणत तिने सगळ्यांच्या हातात पेले दिले. मावशी पडद्यासमोर वाकून बघत होती. पडद्यावर खाडी, चिखल, खारफुटी, आणि होडीत लुगडं खोचलेली एक बाई.

"मी एवढी काळी नाय गो," मावशी म्हणाली, आणि सगळे हसले.

मृणालीने वाटसरूला होडीत चढवलं. कॉम्प्युटरमधून आवाज आला, "मी हौसा. या खाडीवर तर चालवते. बस. पाय आत घे, नायतर खेकडा घेऊन जाईल."

गिरजाबाईंनी मांडीवर थाप मारली. "बघ रे कमळ्या! अशीच बोलायची ही, अशीच!"

आणि श्वास घ्यायच्या आत तोच आवाज पुढे म्हणाला, "नवरा पाण्यात गेला नि होरी माझ्या हातात आली. खोटं कशाला बोलू?"

मृणालीचा हात की-बोर्डवर पडला. एक कळ दाबली, दुसरी दाबली. चित्र थिजलं, पण आवाज थिजला नाही. "तवापासून मना भाकर गोड लागते, गो."

मग तोही थांबला. बिल्किस रिकामा ट्रे छातीशी धरून उभी होती. गिरजाबाईंच्या थाप मारलेल्या हाताची बोटं तशीच मांडीवर पसरलेली होती.

"आजी, ते मी रचलंय," मृणाली घाईघाईने म्हणाली. "माझ्या मनाचं आहे. खेळातली बाई आहे ती. आपली मावशी नाही."

"नाव तर वहिनीचंच घेतलं," कमळाकर म्हणाला.

मावशी सरळ उभी राहिली होती. तिने मृणालीकडे पाहिलं, ते फार वेळ नाही. पेला बिल्किसच्या ट्रेमध्ये ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "गाडीची वेळ झाली."

गाडीला खूप वेळ होता. तो सगळा वेळ ते तिघं रोह्याच्या फलाटावर बसले. मृणाली मागोमाग गेली तेव्हा मावशी एका बाकावर, गिरजाबाई आणि कमळाकर दुसऱ्या बाकावर. मृणालीला कुठल्याच बाकावर बसवेना. ती फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी कमळाकर आला आणि म्हणाला, "आय आता आमच्याकडं राहील." गिरजाबाईंनी आपली वळकटी, औषधाची बाटली, देवाचा टाक असं गोळा केलं. मावशीने अडवलं नाही. वळकटी तिनेच डोक्यावर घेऊन कमळाकरच्या ओट्यापर्यंत पोचवली, आणि आल्यावर मासे साफ करायला बसली.

ती मृणालीशी बोलत नव्हती. डबा भरून द्यायची, अंघोळीचं पाणी काढायची, पण शब्द नाही. मृणालीचा पाय हलायचा आणि गुडघ्यावर हात यायचा नाही. घरात तिला बसवेना. क्लासमध्ये गेली की तिथून उठून जावंसं वाटे. शिकवताना ती एकच गोष्ट दोनदा सांगायची नाहीतर मधलीच गाळायची, आणि पोरं एकमेकांकडे बघायची.

चूक सापडायला काहीच वेळ लागला नव्हता. पहिली केस वरून उचलताना खालचा ब्रेक तिथेच राहून गेला होता. तळाला आणलेल्या केसपुढे थांबवायला काही नाही, म्हणून पहिल्याच खेपेला पहिलं बोलणं संपवून आवाज सरळ डिफॉल्टमध्ये शिरला. जे चौथ्या खेपेला सांगायचं ते पहिल्याच खेपेला, तेही गिरजाबाईंसमोर. मृणालीने तो शब्द लिहिला. खेळ चालवून बघितला. पहिली खेप झाली, आवाज थांबला. पुन्हा चालवला, पुन्हा थांबला. दिवसभरात तिने तो कितीदा चालवला याला गणती नव्हती. बरोबर चालत होता, आणि तिला जरासुद्धा बरं वाटत नव्हतं.

इरशादभाई म्हणाले, "झालं ना दुरुस्त? आता कशाला उगाळतेस?"

"ते वाक्यच काढून टाकते."

"वेडी का काय?" ते ताडकन म्हणाले. "मी गेल्या हप्त्यातच सीडी धाडली वाशीला. त्या माणसाचा काल फोन आला. बोलला, बाकीचं ठीक आहे, पण चौथ्या खेपेचं बोलणं ऐकून आम्ही दोघं-तिघं गप बसलो. त्या एका वाक्यावर आपल्याला सगळं गाव मिळतंय, मृणाली. तुझी नोकरी त्याच्यावर आहे."

"ते माझं नाही, इरशादभाई. मावशी एकदा बोलली होती. मला एकटीला."

त्यांनी माइकची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "मग विचार तिला. आता विचार. ती हो म्हणाली तर झालं."

मृणाली मधल्या गाडीनेच परत निघाली. मावशी शेताच्या बांधावर वालाच्या वेलांना काट्या लावत होती. मृणाली बांधावर बसली, उठली, पुन्हा बसली.

"मावशी, एक शब्द राहिला होता लिहायचा. ब्रेक म्हणतात. तो नव्हता म्हणून कॉम्प्युटर थांबला नाही. आता घातलाय. आता तसं पुन्हा होणार नाही."

मावशीने काठी जमिनीत रोवली. "म्हंजे आता ती बाई ते कवा बोलंल?"

"चौथ्यांदा कोणी होडीत आला तर. ओळख झाल्यावर."

"कोण येनार चौथ्यांदा?"

मृणालीच्या डोळ्यांसमोर ती माणसं आली. दुबईचा कोणी, मस्कतचा कोणी. शंभर माणसं, हजार माणसं.

"मशीननं चूक केली, मशीननं चूक केली," मावशी म्हणाली, "परवापासून तुझ्या तोंडावर तेच लिवलंय. मशीनमधे घातलं कुनी? मी तुना ते घरात सांगितलं. चुलीपुढं. तू माझी पोरगी म्हनून. त्याला तू चौथी खेप म्हन नाय तर धावी खेप म्हन. ती खेप तुझी व्हती, गो. तू तिथं सगळ्यांना बसवलंस."

मृणालीचे डोळे भरून आले. मावशीने तिकडे लक्ष दिलं नाही. ती पुढच्या वेलाकडे सरकली.

"आनि वर म्हातारीला सांगितलंस, मी रचलंय. मना त्याचाच जास्त राग आला. मी बोललेलं खोटं कसं झालं? मी काय रस्त्यावर पडलेली हाय, की माझं बोलनं तू उचलावं नि नको असेल तवा रचलं म्हनावं?"

"मी चुकले, मावशी."

"चुकलीस तर चल."

"कुठं?"

"म्हातारीकडं. ती तुझं खोटं धरून बसून ऱ्हायलीय, ते मना सोसत नाय."

कमळाकरच्या ओट्यावर गिरजाबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. कमळाकर कामावर होता, त्याची बायको विहिरीवर. मावशी ओट्याच्या पायरीवर बसली. मृणाली खांबाला धरून उभी राहिली.

"आय," मावशी म्हणाली, "पोरगी खोटं बोलली. ते माझंच बोलनं व्हतं."

गिरजाबाईंनी सुपातला खडा उचलून अंगणात टाकला. "मना ठावं हाय."

"कवापासून?"

"मशीनीतनं ऐकायची काय गरज व्हती मना? तू होरीवर जायचीस तवा गात जायचीस. मी आत पडलेली असायची. पोराचं वर्ससुदा सरलं नव्हतं. मी ऐकायची. म्हनायची, हिला रडू कसं येत नाय?" त्या थांबल्या. सुपातले तांदूळ त्यांनी उगाच एका बाजूला झटकले. "तो तुना मारायचा. तेबी ऐकायची. मी दोन्ही ऐकायची, गो."

"मग बोललीस का नाय कवा?"

"काय बोलू? माझ्या पोटचा व्हता."

मावशीने पायरीवर उडालेले तांदूळ वेचून सुपात टाकले. मग म्हणाली, "घरी चल."

गिरजाबाईंनी मान हलवली. "नाय. राग नाय धरला, खरंच नाय धरला. पन आता तुझ्या चुलीपुढं बसून मना घास उतरायचा नाय. इतकी वर्सं दोघींनी झाकून ठेवलं व्हतं म्हनून उतरत व्हता." मग त्यांनी मृणालीकडे वर पाहिलं. "नि तू ग, तशी उभी नको ऱ्हाऊस. पाय दुखतील. जा, पानी आन मना."

मृणाली पाणी घेऊन आली. गिरजाबाई प्यायल्या आणि तांब्या तिच्या हातात न देता बाजूला ठेवला. परत येताना रस्त्यात चिखल आला तेव्हा मावशीने मृणालीचा दंड धरला.

दुसऱ्या दिवशी मृणालीने क्लासमध्ये आल्या आल्या डिफॉल्ट उघडलं आणि ते वाक्य काढून टाकलं. आवाजाची फाइलही पुसली, फ्लॉपीवरची नक्कल पुसली, वाशीला फोन लावून त्यांच्याकडचीही पुसायला सांगितली. फोनवरचा माणूस आधी हसला, मग वैतागला. "मग चौथ्या खेपेला तुमची बाई काय करणार? नुसती वल्हं मारणार?"

"हो. नुसती वल्हं मारेल."

"मग नको आम्हाला ती बाई," तो म्हणाला.

इरशादभाई फोनच्या शेजारीच उभे होते. त्यांना भरभरून बोलता येईना, आणि गप्पही राहवेना. "तुझं बरोबर आहे, मी नाय म्हणत नाय," ते म्हणाले, "पण मी काय करू? मशिनं घेतली आहेत, जागेचं आहे..." ते खोलीत येरझारा घालायला लागले. मृणालीही दुसऱ्या बाजूने घालत होती. दोघं मध्ये एकमेकांना वाट देत होते.

बिल्किस चहा घेऊन आली होती ती दारातच थांबली. तिने सगळं ऐकलं होतं. चहाचे कप तिने टेबलावर ठेवले आणि खुर्चीत बसली. क्लासच्या खुर्चीत ती कधी बसत नसे.

"माझं घाला," ती म्हणाली.

"काय तुझं?" इरशादभाईंनी विचारलं.

"वाक्य. चौथ्या खेपेचं." तिने मृणालीकडे बघून विचारलं, "यात बोलायचं ना?" आणि माइक स्वतःकडे ओढला. मृणालीने नकळत रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

बिल्किसने घसा साफ केला. माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन ती हळू म्हणाली, "नवरा परमुलखात गेला तेव्हा मी खूप रडले. मग एक दिवस घराची किल्ली माझ्या हातात आली, कुलूप मी लावलं, बाजारात मी गेले, आणि घरी येऊन बघते तर माझी चाल बदललेली. तो परत आला तेव्हा मला आनंद झाला. पण ती चाल कुठं ठेवू, ते अजून कळलं नाय."

तिने माइक बाजूला केला. इरशादभाईंच्या हातातला चहा तसाच होता.

"तू कधी बोलली नाय मला," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं कुठं?"

"बिल्किस, हे तिकडं जाणार. दुबई, बहरैन. आपली माणसं ऐकतील. सगळेच घर मागं ठेवून गेलेले आहेत ते."

"ऐकू देत की," बिल्किस म्हणाली. "त्यांच्यासाठीच बनवताय ना खेळ?"

इरशादभाई खिडकीपाशी गेले. खाली दुकानदार गोणी उतरवून घेत होता. ते बराच वेळ तेच बघत राहिले, जणू आपलाच माल उतरतोय. वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते मृणालीला सांगता आलं नसतं.

"तुला खरंच चालेल?" त्यांनी बायकोला विचारलं.

"नाव घालू नका. बाकी चालेल."

मृणालीने ते डिफॉल्टमध्ये घातलं. वरच्या केसला ब्रेक आहे ना, हे तिने बोट ठेवून पाहिलं. मग 'मी हौसा' हेही काढून टाकलं, खेकड्याचं तेवढं ठेवलं, तेही मावशीला विचारून. मावशी म्हणाली होती, "खेकड्याचं काय, ते समद्यांनाच सांगते मी."

वाशीच्या लोकांना बिल्किसचं बोलणं चाललं. पहिल्याइतकं आवडलं का, ते त्यांनी सांगितलं नाही. गाव मात्र मिळालं: कोळीण, मास्तर, पोस्टमन, मिठागरावरचा मुकादम, अशी सगळी पात्रं इरशादभाईंच्या क्लासकडे लिहायला आली. मृणालीला वाशीला बोलावणं आलं ते पौषात. पगार चांगला होता, पण पुढे खेळ फारसा खपला नाही आणि दीड वर्षात कंपनी दुसऱ्याच कामाला लागली. तोवर मृणाली तिथे रुळली होती.

गिरजाबाई कमळाकरकडेच राहिल्या. मावशी रोज दुपारी कालवणाचं भांडं पाठवायची. कधी ते रिकामं होऊन यायचं, कधी झाकण न उघडताच. मावशीने त्यावर कधी काही म्हटलं नाही आणि पाठवणंही सोडलं नाही.

वाशीला जाण्याआधीच्या दिवसांत मृणालीशी ती बोलायला लागली होती, पण पहिल्यासारखं नाही. मिठाचा भाव, पेणच्या बाजारातली गर्दी, कमळाकरच्या पोराचे दात, हे सगळं सांगायची. भाकरी थापताना मात्र गप्प असायची. मृणाली शेजारी बसायची, आणि पहिल्यांदाच तिला पाय हलू न देता बसायची सवय करावी लागत होती. जमायचं नाही, पण ती करत होती.

वाशीला निघाली त्या सकाळी मावशी तिला सोडायला जित्याच्या फलाटावर आली. हातात वालाच्या शेंगांची पिशवी होती. गाडी लांबूनच दिसत होती, धुक्यात तिचा दिवा नुसता पिवळा.

"एक विचारू?" मावशी म्हणाली. "त्या बिल्किसनं शेवटी काय सांगितलं त्या मशीनीत? तू बोललीस, तिनं आपलं दिलं म्हनून. काय दिलं?"

मृणालीने तोंड उघडलं, आणि मिटलं. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तिला विचारते आणि सांगते," ती म्हणाली.

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग खळखळून हसली. फलाटावरच्या दोन बायकांनी वळून बघितलं इतकी मोठ्याने. तिने मृणालीच्या पाठीत एक धपाटा घातला, "शानी झालीस गो," म्हणाली, आणि गाडी आली तशी तिला डब्यात ढकलून पिशवी वर दिली.